अमेरिकेतल्या कॉलेजचे फॉर्म: कुठलं काम मुलाचं आणि कुठलं आईबाबांचं

लेकीने अमेरिकेत अंडरग्रॅडसाठी ११ कॉलेजांचे फॉर्म भरले, आणि त्या चार-पाच महिन्यांत आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी तिच्या दहावीतसुद्धा झाली नव्हती. आता शांतपणे विचार केला तर कारण एकच दिसतं, मी तिची कामं करत बसले होते आणि माझी कामं कोणीच करत नव्हतं. म्हणून हे लिहितेय, ज्यांच्या घरी यंदा हा गोंधळ सुरू होणार आहे त्यांच्यासाठी.

आधी आईबाबांचं काम, म्हणजे पैसे. कॉलेजांची लिस्ट करायच्या आधी मुलाला आकडा सांगा, वर्षाला आम्ही एवढे देऊ शकतो, याच्या वर नाही. "तू आधी ॲडमिशन तर मिळव, मग बघू" हे वाक्य आम्ही वापरलं आणि मार्चमध्ये एका कॉलेजचा होकार आल्यावर तिला नाही म्हणावं लागलं, तो दिवस मला अजून आठवतो. तुम्ही अमेरिकन सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले असाल तर सरकारी मदतीचा फाफ्सा फॉर्म भरा, तो साधारण १ ऑक्टोबरला उघडतो आणि त्यात आदल्या वर्षाचा टॅक्स रिटर्न लागतो. स्टुडंट व्हिसावर जाणाऱ्यांना ही सरकारी मदत मिळत नाही, जे काय मिळेल ते कॉलेज स्वतःच्या खिशातून देतं आणि त्यासाठी बरीच खाजगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल नावाचा, घरच्या पैशांची माहिती देणारा फॉर्म भरायला लावतात. एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, ॲमहर्स्ट अशी मोजकीच कॉलेजं आहेत जिथे परदेशी मुलाने मदत मागितली म्हणून ॲडमिशनच्या निर्णयात फरक पडत नाही. बाकी बहुतेक ठिकाणी पडतो. म्हणून मग मदत मागायचीच नाही का? तर तसंही नाही, कारण फॉर्म भरताना मागितली नाही तर नंतर मागता येत नाही असा बऱ्याच कॉलेजांचा नियम आहे, तेव्हा प्रत्येक कॉलेजच्या साइटवर परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं पान स्वतः बसून वाचा.

याच पैशांमुळे अर्ली डिसिजनला, म्हणजे मिळालं तर इथेच येणार असं सांगून लवकर फॉर्म भरायला, जरा जपून. त्याची तारीख बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्यात, आणि ते एकाच कॉलेजला भरता येतं कारण तो शब्द दिल्यासारखा असतो, मुलगा, पालक आणि काउन्सेलर (शाळेतर्फे मुलाची कागदपत्रं पाठवणारा सल्लागार) अशा तिघांच्या सह्या लागतात. मिळालेली मदत अगदीच पुरत नसेल तर सुटका होते, पण चार कॉलेजांच्या ऑफर शेजारी शेजारी ठेवून बघायची सोय राहत नाही. अर्ली ॲक्शन वेगळं, त्यात निकाल लवकर लागतो आणि बांधिलकी नसते.

आता मुलांची कामं. कॉमन ॲप, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन फॉर्म, दर वर्षी १ ऑगस्टला नव्याने उघडतं, त्यात मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. तिने पहिला निबंध लिहिला तो स्पर्धेतल्या मेडलवर, मी त्यात इतक्या दुरुस्त्या केल्या की तिच्या इंग्लिशच्या मॅडम वाचून म्हणाल्या, यात आईचा आवाज येतोय. मग तिने मला न दाखवता दुसरा लिहिला, बसमधल्या लोकांच्या पिशव्यांवरून कोण कुठे उतरणार हे ओळखायचा तिला नाद आहे त्यावर! मला वाटलं हा काय विषय झाला, पण तोच पाठवला आणि खरं सांगायचं तर तो तिचाच वाटत होता. आपण फक्त स्पेलिंग बघावं, तेही तिने दिलं तर.

त्याच फॉर्ममधल्या ॲक्टिव्हिटीजच्या, म्हणजे अभ्यासाबाहेर काय करता त्याच्या, रकान्यांकडे लोक फार दुर्लक्ष करतात. १० जागा असतात आणि वर्णनाला प्रत्येकी फक्त १५० अक्षरं, म्हणजे स्पेससुद्धा त्यात मोजली जाते. लेकीने आधी लिहिलं होतं, लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या आणि त्यातून खूप शिकायला मिळालं. नंतर ते झालं: दर शनिवारी ८-१० मुलं, गोष्ट मी वाचायचे, शेवट त्यांनी रचायचा. काय केलं, किती जणांसोबत, किती वेळा, एवढंच लिहायचं, "खूप शिकले" काढून टाकलं की जागा आपोआप होते.

शिफारसपत्रांसाठी शिक्षकांना अकरावी संपतानाच विचारा, ऑक्टोबरमध्ये सगळी मुलं त्यांच्या दारात उभी असतात. शाळेत काउन्सेलर नसेल तर प्रिन्सिपल किंवा दुसरं कोणी शाळेच्या वतीने ते काम करू शकतं, पण त्यांना काय अपलोड करायचंय हे आधीच नीट समजावून सांगा. शिफारसपत्र बघायचा हक्क सोडताय का असा प्रश्न फॉर्ममध्ये येतो, तिथे सोडतो म्हणा, नाहीतर कॉलेजवाले त्या पत्राला तेवढं वजन देत नाहीत. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा फॉर्म सगळ्याच बाबतीत वेगळा, शिफारसपत्रं साधारणपणे लागत नाहीत, सॅट ही प्रवेशाची परीक्षा ते बघत नाहीत, आणि ८ पैकी ४ प्रश्नांना प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरं. सॅटचं बाकी ठिकाणी बदलत राहतं, एमआयटीने २०२२ मध्ये परत सक्तीची केली, तेव्हा कोणाच्या मोठ्या भावाने सांगितलेलं धरून चालू नका.

सबमिट केलं की संपलं असं आम्हाला वाटलं, इथेच फसलो. प्रत्येक कॉलेज स्वतःच्या पोर्टलचं लॉगिन मेलवर पाठवतं, एका कॉलेजचा मेल स्पॅममध्ये पडून होता आणि तिथे मार्कशीट मिळाली नाही म्हणून तीन आठवडे लाल खूण दिसत होती. तेव्हापासून दर रविवारी सगळी पोर्टलं उघडून बघायची असं तिनेच ठरवलं, आणि मी विचारायचं नाही असंही तिनेच ठरवलं.

होकार आले की साधारण १ मेपर्यंत एकाच ठिकाणी डिपॉझिट भरायचं आणि बाकीच्यांना पोर्टलवरून नाही कळवून टाकायचं, तुमच्या जागेची वाट बघणारं कोणीतरी वेटलिस्टवर असतं. आणि होकार आला म्हणून बारावीचा अभ्यास सोडू देऊ नका, मार्क फारच घसरले तर दिलेली ॲडमिशन काढून घेऊ शकतात. शेवटची मार्कशीट शाळेकडूनच कॉलेजला जावी लागते, त्यासाठी शाळेच्या ऑफिसमध्ये मी चार चकरा मारल्या, ते काम मात्र माझंच होतं.