कोल्हापुरात पास, सीमेपलीकडे नापास: खाद्यपदार्थ परराज्यात आणि परदेशी पाठवताना या चुका टाळा

समोर टेबलावर शेंगदाणा चटणीचा एक पाऊच पडलाय. लाल-पिवळा, वर खलबत्त्याचं चित्र, खाली झोकात ‘अस्सल घरगुती चव’. हातकणंगले तालुक्यातल्या एका ताईंचा. त्यांची चटणी तीन वर्षं कोल्हापूर-सांगलीच्या दुकानांतून खपतेय. आता पणजीच्या एका दुकानदाराने शंभर किलो मागितलीय, बेळगावातून विचारणा आहे आणि इंग्लंडमधल्या लेस्टरला असलेला भाचा म्हणतो, ‘इथल्या वाण्याशी बोललोय मावशी, पाठवून दे.’ ताई आल्या होत्या एवढंच विचारायला की पाऊचचा नवा रोल छापायचाय, लाल रंग थोडा गडद करू का?

रंगाचं नंतर बघू म्हटलं. छोट्या खाद्य उद्योगांची लेबलं आणि कागद बघणं हे माझं रोजचं काम. त्यात एक गोष्ट सारखी दिसते: लेबल लिहिताना माणूस आपल्या गावाचा विचार करतो, खोका मात्र दुसऱ्याच्या गावात उघडला जातो. रोटोग्रॅव्हर छपाईचं सिलिंडर एकदा बनलं की प्रत्येक दुरुस्तीला पैसे पडतात. म्हणून बघायचं ते आत्ताच.

‘देवनागरीच आहे की दादा!’

पाऊचवरचा सगळा मजकूर मराठीत. वाचायला छान, पण नियमात न बसणारा. एफएसएसएआय म्हणजे केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण; त्याच्या लेबलिंग नियमांत आणि वजनमापाच्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांतही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी लागते. मराठी, कोकणी, कन्नड जोडीला हवी तेवढी लिहा, कुणी अडवत नाही. लिपी देवनागरी असली म्हणून मराठी म्हणजे हिंदी होत नाही. आपल्याकडे हे कुणी हटकत नाही, म्हणून ते चालतं असा समज पसरलाय. तो घेऊन पणजीला जाऊ नका. लेबल चुकीचं ठरलं तर अन्नसुरक्षा कायद्याच्या ५२व्या कलमाखाली ३ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पुढची ओळ: ‘नेट वजन अंदाजे २०० ग्रॅम’. ‘अंदाजे’ हा शब्द आपल्या प्रामाणिकपणातून येतो, पण वजनमापाच्या नियमांना तो मुळीच चालत नाही. ‘सुमारे’, ‘कमीत कमी’, ‘सरासरी’ हेही नाही. दोनशे लिहिलं तर आत दोनशे, तेही पाऊचचं वजन सोडून. इंग्रजीत ‘जीएमएस’ असं लिहायची सवयही सोडा, ग्रॅमचं अधिकृत चिन्ह एकटं ‘जी’ आहे. आणि एमआरपीशेजारी एका ग्रॅमला किती पडतात तेही छापायचं. नव्वद रुपयांचा पाऊच असेल तर ४५ पैसे. ही ओळ दहांतल्या आठ पाऊचवर नसते, हा माझा स्वतःचा हिशोब.

मग घटक. ताईंनी लिहिलंय: शेंगदाणे, तिखट, लसूण, मीठ, तीळ, फोडणी. आता फोडणी म्हणजे काय, हे आपल्याला कळतं. कायद्याला कळत नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे आणि नुसतं ‘तेल’ नाही, कोणतं तेल ते सांगायचं: शेंगदाणा तेल, सोयाबीन तेल, जे असेल ते. ताईंकडे ते बाजारभावावर ठरतं. एका महिन्यात शेंगदाणा, दुसऱ्या महिन्यात सोयाबीन. मग लेबलही दोन लागतील, किंवा तेल एकच ठरवावं लागेल.

फोडणीत आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे हिंग. बाजारात मिळतो तो बहुतेक बांधणी हिंग, आणि त्यात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. म्हणजे चटणीत गहू आला, ग्लुटेन आलं आणि ॲलर्जीच्या ओळीत ते लिहिणं आलं. ताई दोन मिनिटं माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘चटणीत गहू?’ मी त्यांना घरून हिंगाची डबी आणायला सांगितली. डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतंच.

‘अस्सल घरगुती चव’ हेही काढायला लावलं. दाव्यांबद्दलचे २०१८चे नियम आहेत, त्यात ‘घरगुती’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’ असे शब्द वाटेल तसे वापरता येत नाहीत. इथे ताई खरंच नाराज झाल्या.

चाळीस लाखांचा गैरसमज

‘माझी उलाढाल चाळीस लाखांच्या आत आहे, मला जीएसटी नाही.’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकेपर्यंत खरं. करपात्र माल परराज्यात विकायचा तर उलाढाल कितीही असो, नोंदणी घ्यावीच लागते. सावंतवाडीहून बांदा आणि पत्रादेवी हे अंतर चहा घेऊन परत येण्याइतकं. निपाणी तर कोल्हापूरकरांना परकं वाटतच नाही. पण बिलाच्या दृष्टीने गोवा आणि कर्नाटक ही परराज्यंच.

कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्यांसाठी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या जीएसटी योजनेत असलेल्यांनी तर जास्त जपावं. त्या योजनेत असताना परराज्यात माल विकताच येत नाही. एका फरसाणवाल्यांचा माल वर्षभर निपाणीला जात होता, बिल मात्र कंपोझिशनचं. दर आठवड्याला तीन-चार डबे, म्हणून त्यांना ते विकणं वाटतच नव्हतं, ‘पाव्हण्यांच्या दुकानात देतो’ म्हणायचे. सीएने ताळेबंद बघताना पकडलं म्हणून बरं, नाहीतर नोटीस आली असती.

नोंदणी झाली की दुसरी चूक हजर. परराज्यातल्या बिलावर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य जीएसटी लागतो, पण सवयीने केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी असं अर्धं-अर्धं लावलं जातं. कर सरकारलाच गेला, पण चुकीच्या खात्यात, आणि तो परत मिळवायचा उद्योग वेगळा. बिलाचं सॉफ्टवेअरही एकदा उघडून बघा. २२ सप्टेंबर २०२५पासून पॅकबंद फरसाण १२ टक्क्यांवरून ५वर आलं. जुना दर तसाच राहिलेली बिलं मी अजून बघतो.

खप वाढला की पणजीत किंवा म्हापशात छोटं गोदाम घ्यावंसं वाटतं. घ्या. पण त्या जागेला वेगळा एफएसएसएआय परवाना, गोव्याचा वेगळा जीएसटी क्रमांक, आणि आपलाच माल आपल्याच गोदामात नेताना आयजीएसटीचं बिल. ‘माझा माल मीच मला विकतोय का?’ असं विचारणारे भेटतात. जीएसटीच्या लेखी, होय.

ई-वे बिल: पन्नास हजार आणि एक लाख

इथे महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याचा हमखास पाय घसरतो. ई-वे बिल म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा माल हलवण्याआधी ऑनलाइन काढायचा वाहतुकीचा कागद. राज्यातल्या राज्यात आपल्याकडे त्याची मर्यादा १ लाख आहे. परराज्यात मात्र ५० हजार, आणि तीही कर धरून. ताईंची शंभर किलो चटणी चारशेच्या भावाने ४० हजारांची, कर धरून ४२ हजार. साधं बिल पुरे. दुकानदाराने फोन करून ‘दीडशे द्या’ म्हटलं की रक्कम ६३ हजारांवर गेली आणि ई-वे बिल लागलं. फोनवर वाढलेल्या ऑर्डरच अशा अडकतात, कारण माल आधीच खोक्यांत भरलेला असतो.

ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस. कोल्हापूर-बंगळुरू सहाशेच्या वर जातं, म्हणजे चार दिवस. ट्रान्सपोर्टवाल्याने हुबळीत गाडी बदलली तर भाग ‘ब’मध्ये नव्या गाडीचा नंबर त्यानेच भरायचा, पण माल आपला असल्याने फोन आपण करायचा. मुदत संपत आली तर संपण्याच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवून मिळते. ती वेळ गेली की मात्र नाही. आणि ई-वे बिल चुकलंच तर ते २४ तासांत रद्द करता येतं, म्हणून गाडी सुटायच्या आधी एकदा मोठ्याने वाचा. गाडीचा नंबर तर हमखास तपासा.

गाडी अडवलीच तर

१ जुलै २०१७नंतर सीमेवरचे विक्रीकराचे नाके गेले, म्हणून कुणी बघत नाही असं समजू नका. फिरती पथकं कुठेही थांबवतात. ड्रायव्हर घाबरतो, काहीतरी बोलतो आणि ते जबाबात लिहिलं जातं. म्हणून ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा: कागद दाखव, फोन लाव, अंदाजाने काही बोलू नकोस.

खरी मोठी चूक असेल, म्हणजे ई-वे बिलच नाही किंवा माल आणि बिल जुळत नाही, तर मालकाने पुढे येऊन माल सोडवायला कराच्या दुप्पट दंड भरावा लागतो. कारकुनी चुकीला मात्र एवढं मोठं प्रकरण करायचं नाही, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १४ सप्टेंबर २०१८च्या ६४ क्रमांकाच्या परिपत्रकात सांगितलंय. पिनकोड चुकला पण पत्ता बरोबर आणि मुदत वाढलेली नाही, गाडीच्या नंबरातला एखादा-दुसरा आकडा चुकला, नावाचं स्पेलिंग चुकलं पण जीएसटी क्रमांक बरोबर: अशा चुकांना केंद्र आणि राज्य मिळून १००० रुपये. हे परिपत्रक मोबाईलमध्ये ठेवा. आमच्या एका गाडीत ‘एमएच ०९’चं ‘एमएच ०७’ झालं होतं. माल हलवता येईना, संध्याकाळ होत आली होती, आणि पथकातल्या साहेबांना परिपत्रक दाखवल्यावर हजारात काम झालं. वाद घालायची गरज पडली नाही. जिथे तेवढ्यावर भागत नाही, तिथे माल ताब्यात घेतल्याचा आदेश लेखी मागा आणि मगच पुढचं बोला.

लेस्टर, दुबई, न्यू जर्सी

आता भाच्याकडे. भारतीय लेबलवर ॲलर्जीची जी यादी चालते, त्यात शेंगदाणा आणि गहू आहेत, पण तीळ आणि मोहरी नाहीत. ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या १४ ॲलर्जी-घटकांच्या यादीत दोन्ही आहेत. म्हणजे ताईंच्या चटणीत तिकडच्या हिशोबाने चार: शेंगदाणे, तीळ, फोडणीतली मोहरी, आणि हिंगातला गहू. आणि ते घटकांच्या यादीतच ठळक करून दाखवायचे, नुसती खाली एक ओळ लिहून भागत नाही. लेबलवर तिथल्या आयातदाराचा ब्रिटनमधला पत्ता हवा, ही अट जानेवारी २०२४पासून. वाणी आयातदार व्हायला तयार आहे का, हे भाच्याने विचारलेलंच नव्हतं.

त्याच खोक्यात ताईंना तुपातले बेसन लाडू आणि पेढेही घालायचे होते. ते बाजूला काढले. दुधाच्या पदार्थांचे तिकडचे नियम फार कडक आहेत, चटणीच्या परवानगीवर ते जात नाहीत, आणि एका डब्यापायी सगळा खोका अडकतो. तो वाणी पुढे बेलफास्टला माल पाठवत असेल तर तेही आधीच विचारा. उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. २०२३पासून ब्रिटनहून तिकडे जाणाऱ्या बऱ्याच पदार्थांवर ‘युरोपीय संघासाठी नाही’ असं इंग्रजीत लिहावं लागतं.

दुबईला मसाला किंवा अनारसे पाठवणाऱ्यांनी खसखस विसरू नये. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, आणि ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. हे ‘लेबल दुरुस्त करून या’ इतक्यावर सुटणारं प्रकरण नाही. आपल्या कितीतरी मसाल्यांत खसखस असते, पण घटकांत ‘गरम मसाला’ एवढंच लिहिलेलं असतं. शिवाय लेबलवर अरबी मजकूर लागतो.

अमेरिकेत १ जानेवारी २०२३पासून तीळ सक्तीच्या ॲलर्जी यादीत आला. संक्रांतीला तिळगूळ विकायला पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. वजन तिथे औंसांत आणि ग्रॅममध्ये दोन्ही लिहायचं. आणि ‘गिफ्ट’ लिहून सुटण्याची सवय: आईने स्वतःच्या घरी केलेल्या चकल्या मुलाला भेट म्हणून पाठवल्या तर एफडीएला, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाला आगाऊ सूचना द्यावी लागत नाही. दुकानातून आणलेल्या चकलीला ही सूट नाही, विक्रीच्या मालाला तर नाहीच. ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलवर जकात नाही, हा आधारही २९ ऑगस्ट २०२५ला गेला.

तारीख कुठेही पाठवा, महिना अक्षरात लिहा. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे ५ जून, अमेरिकेत ६ मे. आणि ती तेलकट पाऊचवर शिक्क्याने मारू नका, बोट फिरवलं की पुसते. मी प्रत्येक पाऊचवर बोट फिरवून बघतो, ताईंचा पुसला.

शेवटी आम्ही दोन लेबलं ठरवली, एक भारतासाठी आणि एक लेस्टरसाठी. लेस्टरचं सिलिंडर न बनवता साधं स्टिकर, आणि छापायच्या आधी त्याचा फोटो तिथल्या वाण्याला. ताई उठता उठता म्हणाल्या, ‘दादा, लेस्टरच्या चटणीत तीळच घातले नाहीत तर एक नाव कमी होईल ना?’

मी विचारलं, तिळाची चटणी कुठे कुटता?

‘तिथेच की. एकच कांडप आहे.’

मग तीळ राहिले.