चालू पायथन प्रोग्रामला जीडीबी लावला, पण पायथनच दिसत नाही: कुठे काय तपासावं

सर्व्हरवरचा पायथन प्रोग्राम अडकलाय. सीपीयू शून्यावर, लॉगमध्ये नवी ओळ नाही, प्रोसेस मात्र जिवंत. रीस्टार्ट केला तर काम सुरू होईल, पण तो का अडकला हे कधीच कळणार नाही. अशा वेळी जीडीबी हा डीबगर (प्रोग्रामच्या आत डोकावण्याचं साधन) चालू प्रोसेसला जोडून 'पाय-बीटी' ही कमांड दिली, की पायथनच्या कोणत्या फाईलच्या कोणत्या ओळीवर गाडी थांबली आहे ते दिसायला हवं. प्रत्यक्षात बहुतेकांना पहिल्या खेपेला वेगळंच काही दिसतं: परवानगी नाही, किंवा अशी कमांडच नाही, किंवा फ्रेम (चालू असलेल्या एका फंक्शनची नोंद) सापडली नाही, किंवा ओळीओळीला 'ऑप्टिमाइझ्ड आऊट'.

या तक्रारींची मुळं वेगवेगळ्या थरांत असतात: परवानगी (सगळ्यात खालचा थर), चालू असलेली नेमकी बायनरी, डीबग सिम्बॉल (बायनरीच्या आतल्या रचनेची माहिती) आणि पायथनची मदतनीस स्क्रिप्ट (सगळ्यात वरचा). याच क्रमाने तपासा. खालचा थर बिघडलेला असताना वरच्या थरात कितीही खटपट केली तरी फळ नाही, आणि वरचे संदेश खालच्या बिघाडाबद्दल सहसा काही सांगत नाहीत.

इथलं सगळं लिनक्सवरच्या सीपायथनसाठी, म्हणजे सीमध्ये लिहिलेल्या नेहमीच्या पायथनसाठी आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या, डॅश आणि तिरप्या रेघा जशाच्या तशा. 4312 हा प्रोसेसचा नमुना क्रमांक आहे.

जोडण्याआधी

जीडीबी जोडला की प्रोसेसचे सगळे थ्रेड जागच्या जागी थांबतात. तुम्ही विचार करत बसलात तेवढा वेळ प्रोग्राम गोठलेला. त्याच्यापुढे लोड बॅलन्सर (विनंत्या वाटून देणारा सर्व्हर) असेल तर त्याची तपासणी फसते आणि दुसरंच कुणीतरी ती प्रोसेस मारून टाकतं. हातातला पुरावा गेला. म्हणून चालू सर्व्हरवर बसून शोध घेण्यापेक्षा एका झटक्यात माहिती घेऊन सुटणं बरं:

सुडो जीडीबी -पी 4312 -बॅच -ईएक्स "थ्रेड अप्लाय ऑल पाय-बीटी"

किंवा आधी मेमरीची प्रत काढा: 'सुडो जीकोअर -ओ /व्हार/टीएमपी/अडकला 4312'. प्रत लिहून होईपर्यंत प्रोसेस थांबते, मग पुढे चालू राहते आणि तुम्ही निवांत त्या कोअर फाईलवर काम करू शकता. 'पाय-बीटी' तिच्यावरही चालते. प्रोसेसने जेवढी मेमरी घेतली आहे साधारण तेवढी जागा डिस्कवर लागते, ती आधी पाहा. कोअर फाईलमध्ये पासवर्ड, टोकन, ग्राहकांचा डेटा असं सगळं उघडं असतं, त्यामुळे ती जिथे तिथे पाठवू नका.

परवानगी नाही म्हणतोय

'पीट्रेस: ऑपरेशन नॉट परमिटेड' हा संदेश आला तर '/प्रॉक/सिस/कर्नल/यामा/पीट्रेस_स्कोप' या फाईलमधला आकडा बघा. 0 असेल तर त्याच युजरच्या प्रोसेसला जोडता येतं. 1 असेल, आणि उबुंटूवर तोच मूळचा असतो, तर साध्या युजरच्या जीडीबीला फक्त त्या जीडीबीनेच सुरू केलेल्या प्रोसेसना जोडता येतं. 'सुडो' लावलं की काम होतं. 2 असेल तर अधिकार असलेल्यालाच. 3 असेल तर कुणालाच नाही, आणि मशीन रीबूट केल्याशिवाय तो आकडा खाली आणता येत नाही. अडकलेला प्रोग्राम रीबूटनंतर उरणार नाही, तेव्हा 3 दिसला की जीडीबीचा नाद तिथेच सोडा.

'सुडो' लावूनही नकार आला तर '/प्रॉक/4312/स्टेटस' मध्ये 'ट्रेसरपीआयडी' ची ओळ वाचा. तिथे शून्याऐवजी आकडा असेल तर आधीच कुणीतरी, बहुधा विसरलेला एखादा 'एसट्रेस' (सिस्टिम कॉल टिपणारं साधन), त्या प्रोसेसला चिकटला आहे. एका वेळी एकच ट्रेसर चालतो.

डॉकरच्या आत परवानगी हवी तर कंटेनर '--कॅप-ॲड=सिस_पीट्रेस' देऊन सुरू करावा लागतो. पण आता नव्याने सुरू केला तर अडकलेली प्रोसेसच जाईल. म्हणून होस्टवरून जोडा: 'डॉकर टॉप' ने होस्टवरचा क्रमांक काढा आणि त्यालाच जीडीबी लावा. पीआयडी नेमस्पेस (कंटेनरचे स्वतंत्र प्रोसेस क्रमांक) वेगळी असल्याची आणि थ्रेडची यादी भरवशाची नसल्याची सूचना येते. ती वाचा आणि थ्रेडची संख्या '/प्रॉक/4312/टास्क' मधल्या संख्येशी ताडून घ्या.

चालू आहे ती बायनरी कोणती?

हा थर लोक सर्रास विसरतात. 'एलएस -एल /प्रॉक/4312/एक्झी' करा. पुढे 'डिलीटेड' लिहिलेलं दिसलं तर प्रोसेस चालू असतानाच कुणीतरी पायथनचं पॅकेज अपडेट केलं आहे. मेमरीत जुनी बायनरी, डिस्कवर नवी. जीडीबीने नवी वाचली की पत्ते जुळत नाहीत आणि भलतीच फंक्शनं दिसू लागतात. उपाय सोपा आहे:

सुडो जीडीबी /प्रॉक/4312/एक्झी 4312

कर्नलने जुनी फाईल अजून धरून ठेवलेली असते, ती या वाटेने मिळते. सिम्बॉलही मग जुन्याच आवृत्तीचे हवेत. शेअर्ड लायब्ररीही बदललेली असू शकते. '/प्रॉक/4312/मॅप्स' मध्ये 'डिलीटेड' शोधलं की कळतं.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधला 'पायथन' हा सहसा मूळ पायथनकडे बोट दाखवणारा सिमलिंक असतो, त्यामुळे त्याची वेगळी काळजी नको.

सिम्बॉल आहेत की नुसती नावं?

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. साधा 'बीटी' (जीडीबीची सी फंक्शनांचा माग दाखवणारी कमांड) दिला आणि '_पायइव्हॅल_इव्हॅलफ्रेमडिफॉल्ट' असं नाव दिसलं की लोकांना वाटतं, सिम्बॉल आहेत. ते नाव बायनरीच्या साध्या सिम्बॉल टेबलातूनही येतं. मदतनीस स्क्रिप्टला मात्र पायथनच्या सी स्ट्रक्चरची रचना लागते: कोणतं फील्ड कुठे आहे, किती बाइटचं आहे. ती माहिती फक्त डीबग सिम्बॉलमध्ये असते. खरी परीक्षा ही:

पीटाइप पायऑब्जेक्ट

यातून स्ट्रक्चरची फील्डं छापली गेली तर सिम्बॉल आहेत. 'नो सिम्बॉल' असं उत्तर आलं तर नाहीत, मग वर काहीही केलं तरी 'पाय-बीटी' चालणार नाही.

डेबियनवर 'पायथन3.11-डीबीजी' अशा नावाचं पॅकेज टाका. आकडा तुमच्या पायथनचा. फेडोरावर 'सुडो डीएनएफ डीबगइन्फो-इन्स्टॉल पायथन3'. दोन्हीकडे पॅकेजची आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत जुळायला हवी. जीडीबी सिम्बॉल शोधतो तो बायनरीत कोरलेल्या बिल्ड-आयडीवरून, त्यामुळे 'जवळपास तीच' आवृत्ती चालत नाही. टाकलं तरी सापडत नसेल तर 'इन्फो शेअर्डलायब्ररी' द्या; ज्या लायब्ररीपुढे तारा दिसेल तिचे सिम्बॉल नाहीत.

डीबगइन्फोडी (सिम्बॉल पुरवणारी नेटवरची सेवा) असेल तर जीडीबी सिम्बॉल नेटवरून स्वतः आणतो. इथे एक खाच आहे. जीडीबी आधी परवानगी विचारतो आणि '-बॅच' मध्ये उत्तर द्यायला कुणी नसल्यामुळे 'नको' असं धरून पुढे जातो. हाताने चालतं ते स्क्रिप्टमधून चालत नाही, त्यामागे बहुधा हेच असतं. कमांडमध्ये '-आयईएक्स "सेट डीबगइन्फोडी एनेबल्ड ऑन"' घाला. ते '-ईएक्स' ने दिलं तर उशीर होतो, कारण तोवर फाईल वाचून झालेली असते.

कंटेनरमधल्या पायथनसाठी होस्टचे सिम्बॉल उपयोगाचे नाहीत. कंटेनरमध्ये ते असतील तर 'सेट डीबग-फाईल-डिरेक्टरी /प्रॉक/4312/रूट/यूएसआर/लिब/डीबग' असा रस्ता दाखवा.

'ड्वार्फ एरर: राँग व्हर्जन' असं दिसलं तर सिम्बॉल ठीक आहेत, जीडीबी जुना आहे. जीसीसी कंपायलरच्या 11 व्या आवृत्तीपासून ड्वार्फची (सिम्बॉल साठवण्याच्या स्वरूपाची) 5 वी आवृत्ती आपोआप वापरली जाते आणि जुन्या जीडीबीला ती वाचता येत नाही. जीडीबी बदला.

'पाय-बीटी' नावाची कमांडच नाही

ही कमांड जीडीबीची नाही. ती 'लिबपायथन.पाय' या स्क्रिप्टमधून येते. सीपायथनच्या सोर्समध्ये ती 'टूल्स/जीडीबी' या फोल्डरमध्ये असते आणि बिल्ड करताना 'पायथन-जीडीबी.पाय' या नावाने बायनरीशेजारी येऊन पडते. ती लोड झाली का हे 'इन्फो ऑटो-लोड पायथन-स्क्रिप्ट्स' सांगतं.

'ऑटो-लोड सेफ-पाथ' मुळे लोड करायला नकार दिला असा इशारा दिसला तर घरच्या '.जीडीबीइनिट' मध्ये 'ॲड-ऑटो-लोड-सेफ-पाथ' आणि पुढे त्या फोल्डरचा रस्ता लिहा. 'सुडो' ने चालवताना रूटच्या घरातली '.जीडीबीइनिट' वाचली जाऊ शकते, हे विसरू नका. सगळा रस्ता मोकळा करायला तिरपी रेघ एकटीच देण्याचा सल्ला दिला जातो. सर्व्हरवर तसं करू नका, कारण मग कुणाच्याही फोल्डरमधली स्क्रिप्ट तुमच्या अधिकाराने चालेल.

इशाराही नाही आणि कमांडही नाही, अशा वेळी नाव जुळत नसतं. जीडीबी ज्या फाईलमध्ये कोड आहे तिच्याच नावापुढे '-जीडीबी.पाय' लावून स्क्रिप्ट शोधतो. पायथन शेअर्ड लायब्ररीत असेल तर स्क्रिप्टचं नाव लायब्ररीच्या नावावरून हवं. तो युडब्ल्यूएसजीआय या वेब सर्व्हरसारख्या दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात असेल तर कुठलंच नाव आपोआप जुळणार नाही. तेव्हा 'सोर्स' लिहून पुढे स्क्रिप्टचा पूर्ण रस्ता द्या. स्क्रिप्ट मात्र तुमच्या पायथनच्याच आवृत्तीची घ्या. 3.11 मध्ये फ्रेमची आतली रचना पार बदलली, 3.10 ची स्क्रिप्ट तिथे लावली तर अमुक नावाचं फील्डच नाही अशी चूक येते.

ही स्क्रिप्ट चालते ती जीडीबीच्या पोटातल्या पायथनवर, तुमच्या प्रोग्रामच्या पायथनवर नाही. शेलमध्ये 'पायथनहोम' किंवा 'पायथनपाथ' सेट केलेला असेल तर जीडीबीचा पायथन सुरू होतानाच कोसळू शकतो. दोन्ही काढून जीडीबी पुन्हा चालवा.

दिसलं, आता वाचायचं कसं

एखाद्या थ्रेडवर 'वेटिंग फॉर द गिल' असं दिसलं तर तो गिलच्या (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणाऱ्या कुलपाच्या) रांगेत आहे. सगळे रांगेत आणि एकच बाहेर असेल तर त्या एकाचा साधा 'बीटी' पाहा. एखादं सी एक्स्टेन्शन गिल धरून नेटवर्कची वाट पाहत असेल, तर ते तिथेच पकडलं जातं.

कुलपात (लॉकमध्ये) अडकलेला थ्रेड साधारण असा दिसतो:

<बिल्ट-इन मेथड अक्वायर ऑफ _थ्रेड.लॉक ऑब्जेक्ट ॲट रिमोट 0एक्स7एफ2सी41बी0>
फाईल "/एसआरव्ही/बिल/जमा.पाय", लाईन 88, इन नोंद

'रिमोट' नंतरचा पत्ता लिहून घ्या आणि बाकीच्या थ्रेडमध्ये शोधा. तोच पत्ता आणखी कुठे असेल तर दोघं एकाच कुलपाची वाट पाहत आहेत. त्या ओळीवर गेल्यावर 'पाय-अप' ने वरच्या फ्रेममध्ये जा आणि 'पाय-लोकल्स' ने चल पाहा. मोठी लिस्ट किंवा डिक्शनरी 1024 अक्षरांवर कापली जाते. डेटा खराब झालेला नसतो.

'ऑप्टिमाइझ्ड आऊट' आलं तर सिम्बॉल बरोबर आहेत, पण कंपायलरने तो चल कुठेच ठेवलेला नाही. एक फ्रेम वर-खाली करून बघा. वारंवार नडत असेल तर त्या सर्व्हरसाठी कमी ऑप्टिमायझेशनचा वेगळा पायथन बिल्ड करून ठेवा. वेग घटतो, ते मोजून ठरवा.

3.11 पासून एका सी फ्रेमच्या पोटात पायथनच्या अनेक फ्रेम मावतात, त्यामुळे 'बीटी' मध्ये दोन आणि 'पाय-बीटी' मध्ये दहा असं दिसलं तर घाबरू नका. असिंकआयओचा (एकाच थ्रेडमध्ये अनेक कामं आलटूनपालटून चालवणाऱ्या लायब्ररीचा) प्रोग्राम असेल तर मुख्य थ्रेड फक्त 'ईपोल' या वाट पाहण्याच्या सिस्टिम कॉलमध्ये बसलेला दिसेल. वाट पाहणारी टास्क स्टॅकवर नसतातच, तेव्हा ती इथे शोधू नका.

जीडीबीतून 'कॉल' देऊन प्रोसेसमध्ये पायथनचा कोड चालवण्याचा मोह होतो. तो आवरा. थांबलेल्या थ्रेडकडे गिल नसेल, किंवा तो मेमरी वाटपाच्या मध्येच थांबला असेल, तर प्रोसेस कोसळते किंवा कायमची अडकते.

सिम्बॉल मिळतच नसतील तर

'पाय-स्पाय' हे वेगळं साधन घ्या आणि 'पाय-स्पाय डम्प --पीआयडी 4312' वापरा. त्याला डीबग सिम्बॉल लागत नाहीत. परवानगीचे नियम मात्र तेच. प्रोग्राम तुमचाच असेल तर पुढच्या खेपेसाठी सुरुवातीलाच 'फॉल्टहँडलर.रजिस्टर' ला 'सिगयूएसआर1' देऊन ठेवा. तो सिग्नल पाठवला की सगळ्या थ्रेडचा ट्रेसबॅक छापला जातो. पायथन 3.14 असेल तर 'पायथन -एम पीडीबी -पी 4312' ने थेट जोडता येतं, फक्त इंटरप्रिटर पुढे सरकत असायला हवा. तो सी कोडमध्ये रुतला असेल तर पुन्हा जीडीबीकडेच यावं लागतं.

काम झालं की 'डीटॅच' द्या, मग 'क्विट'. त्यानंतर '/प्रॉक/4312/स्टेटस' मधली 'स्टेट' ही ओळ पाहा. तिथे मोठा 'टी' दिसत असेल तर प्रोसेस थांबलेलीच राहिली आहे. 'किल -कॉन्ट 4312' दिलं की ती पुढे चालू लागते.