कव्हर बँडसाठी सबवूफर निवडताना: आधी गाण्यांची यादी, मग वॅट

इतरांची लोकप्रिय गाणी वाजवणाऱ्या कव्हर बँडचा ध्वनी सांभाळायला लागल्यापासून नवोदितांनी मला सर्वाधिक वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे "किती वॅटचा सब घ्यावा?" हा होय (सब म्हणजे सबवूफर, खर्जाचे स्वर वाजवणारा स्पीकर). त्याचे उत्तर देण्याआधी मी बँडची गाण्यांची यादी मागतो. स्वतःच्या रचना वाजवणाऱ्या बँडच्या श्रोत्याला त्या गाण्याचा खर्ज कसा असायला हवा हे आधीपासून ठाऊक नसते. कव्हर बँडसमोर उभ्या असलेल्या माणसाने मात्र ते गाणे हेडफोनवर, गाडीत आणि समारंभांत असंख्य वेळा ऐकलेले असते. किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) ठोका किंवा बेसचा स्वर त्याच्या स्मरणातल्यापेक्षा पोकळ वाटला, तर नेमके काय कमी आहे हे त्याला सांगता येत नाही, पण हे ते गाणे नव्हे एवढे जाणवल्याशिवाय राहत नाही. म्हणूनच सब निवडण्याची सुरुवात सरावाच्या खोलीत, यादी समोर ठेवून व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते आणि पाच तारांच्या गिटारची सुमारे ३१ हर्ट्झवर. हे आकडे पाहून नवखा माणूस लगेच ३० हर्ट्झपर्यंत उतरणारा सब शोधू लागतो. वास्तविक बेस गिटारच्या आवाजात मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा स्वरांश, म्हणजे ४१ हर्ट्झच्या तारेबाबत ८२ हर्ट्झचा, इतका जोरकस असतो की आपल्या कानाला स्वराची ओळख पटते ती बव्हंशी त्याच्या आधारावर. १९६० आणि १९७० च्या दशकांतील रॉक, सोल किंवा पॉप हीच तुमची मुख्य यादी असेल, तर ५० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे काम करणारा सब पुरेसा ठरतो. यादीत हिप-हॉप, इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत किंवा अलीकडचे पॉप असेल, तेव्हा मात्र चित्र पालटते. १९८० साली बाजारात आलेल्या रोलंड टीआर-८०८ या ड्रम मशीनचा दीर्घकाळ घुमणारा किक आणि त्याच्यापासून पुढे घडत गेलेले सिंथेसायझरचे खर्जस्वर ४० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात आणि कधी त्याहूनही खाली मुक्काम करतात, आणि त्यांतील पुष्कळ स्वर जवळजवळ शुद्ध असल्याने वरच्या स्वरांशांचा आधार तिथे मिळत नाही. अशी गाणी यादीत दोन असतील तर तडजोड चालते. कार्यक्रमाचा शेवटचा, नाचाचा भाग संपूर्ण त्यांच्यावरच उभा असेल, तर चालत नाही.

गरज ठरली की माहितीपत्रक वाचण्याची पाळी येते, आणि इथे थोडी सावधगिरी शिकावी लागते. 'किती हर्ट्झपासून' हा आकडा दोन प्रकारे छापलेला असतो. उणे ३ डेसिबलची मर्यादा म्हणजे जिथे आवाज किंचित उतरलेला आहे ती कंपनसंख्या. उणे १० डेसिबलची मर्यादा म्हणजे जिथे तो स्वर सरासरीच्या मानाने जवळजवळ निम्माच ऐकू येतो ती. एकाच सबबाबत या दोन आकड्यांत ८ ते १० हर्ट्झचा फरक सहज पडू शकतो, आणि जाहिरातीत बहुधा दुसराच ठळक छापतात. मी दोन सबांची तुलना करताना नेहमी उणे ३ चे आकडे शेजारी ठेवतो, आणि ते दिलेलेच नसतील तर आलेख मागतो.

वॅटचे आकडे त्याहून निसरडे आहेत. ड्रायव्हरची (खोक्यात बसवलेल्या, प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या स्पीकरची) क्षणिक कमाल शक्ती ही सामान्यतः सातत्याने पेलता येणाऱ्या शक्तीच्या चौपट लिहिलेली असते, त्यामुळे '२००० वॅट' असे लिहिलेला सब प्रत्यक्षात ५०० वॅटचा असू शकतो. शिवाय शक्ती दुप्पट केली तरी पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. म्हणजे एक वॅट आणि एक मीटरवर ९८ डेसिबल देणारा सब २५० वॅटवर जेवढे वाजेल, तेवढे वाजण्यासाठी ९५ डेसिबल संवेदनशीलतेच्या सबला ५०० वॅट लागतील. कमाल ध्वनिपातळीचा आकडा अधिक उपयोगी असला तरी तो मोजलेला आहे की गणिताने काढलेला, क्षणिक आहे की सततचा, आणि सब जमिनीवर ठेवून मोजला आहे की मोकळ्या अवकाशात, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. निव्वळ जमिनीवर ठेवल्याने खर्जात ६ डेसिबलपर्यंत भर पडते.

या सगळ्या आकड्यांच्या मुळाशी एक भौतिक सत्य आहे आणि ते एकदा मनात ठसले की निवड सोपी होते. तीच ध्वनिपातळी एक सप्तक खाली मिळवायची असेल, तर कोनाला (ड्रायव्हरच्या हलणाऱ्या पडद्याला) चौपट हवा हलवावी लागते. ८० हर्ट्झवर आरामात वाजणारा १२ इंची ड्रायव्हर ४० हर्ट्झवर त्याच जोराने वाजवायला गेलात, की त्याच्या हालचालीची मर्यादा ॲम्प्लिफायर पूर्ण क्षमतेला पोहोचण्याआधीच संपते. १८ इंची कोनाचे क्षेत्रफळ १२ इंचीच्या सव्वादोन पट असते, आणि मोठ्या कोनाचे महत्त्व यातच आहे. 'मोठा कोन मंद, लहान कोन चपळ' हा चुकीचा समज मी पुष्कळ वादकांच्या तोंडून ऐकतो. ठोका ढिला वाटतो त्याचे कारण बहुतेक वेळा खोक्याची रचना, क्रॉसओव्हरची (सब आणि वरचे स्पीकर यांच्यात स्वर जिथे वाटले जातात त्या कंपनसंख्येची) चुकीची जुळणी किंवा खुद्द सभागृह असते.

खोक्याच्या रचनेबद्दल माझे मत थोडक्यात सांगतो. पोर्ट (हवेसाठी ठेवलेले भोक) असलेली बास-रिफ्लेक्स रचना कव्हर बँडसाठी सर्वांत समतोल आहे: आकार आटोपशीर, खालची मजल चांगली आणि आवाज वेगवेगळ्या शैलींना जुळवून घेणारा. बँडपास खोकी एका अरुंद पट्ट्यात जोरात वाजतात, पण रॉकचा कोरडा ठोका आणि सिंथचा लांब स्वर यांत त्यांचा स्वतःचाच रंग मिसळतो. घडीच्या (खोक्यात दुमडून बसवलेल्या) हॉर्नची कार्यक्षमता अप्रतिम असते, मात्र खरा खालचा खर्ज मिळण्यासाठी त्यांचे आकारमान आणि संख्या दोन्ही मोठी लागतात. पाच जणांच्या बँडला ते झेपत नाही. रिफ्लेक्स खोके ज्या कंपनसंख्येला जुळवलेले असते तिच्याखाली कोनावरचा हवेचा दाब नाहीसा होतो आणि तो अनिर्बंध हलू लागतो, म्हणून तिथे हाय-पास फिल्टर (ठरलेल्या कंपनसंख्येखालचे स्वर अडवणारा) असणे अत्यावश्यक आहे. ॲम्प्लिफायर, फिल्टर आणि लिमिटर (पातळी मर्यादेत ठेवणारा) आतच बसवलेल्या पॉवर्ड सबमध्ये ही काळजी निर्मात्याने घेतलेली असते, आणि नवोदितांना मी पॉवर्ड सबच सुचवतो त्याचे हे मुख्य कारण आहे.

एक मोठा सब घ्यावा की दोन मध्यम, हा विषय मला विशेष जिव्हाळ्याचा आहे. एकाच जातीचे दोन सब शेजारी शेजारी ठेवून त्यांना तोच सिग्नल दिला, तर एकूण पातळी ६ डेसिबलने वाढते. ३ डेसिबल दुप्पट शक्तीमुळे आणि ३ एकमेकांच्या सान्निध्याने वाढलेल्या कार्यक्षमतेमुळे. हेच दोन सब मंचाच्या दोन टोकांना, प्रत्येक टॉपच्या (मधले आणि वरचे स्वर वाजवणाऱ्या मुख्य स्पीकरच्या) खाली एकेक असे ठेवले, की मधल्या रेषेवर खर्ज भरभरून येतो आणि बाजूला सरकताच तो जागोजागी नाहीसा होतो. ६० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास पावणेसहा मीटर असते. ज्या जागी दोन सबांपासूनच्या अंतरांत पावणेतीन ते तीन मीटरांचा फरक पडतो, तिथे त्या स्वराच्या दोन लहरी एकमेकींना खोडून काढतात. नाचणारी मंडळी सभागृहभर पसरलेली असतात, सगळी मधल्या रेषेवर नसतात. म्हणून दोन्ही सब एकत्र, मंचाच्या मध्यापुढे किंवा तिथे जागा नसेल तर एका बाजूला ठेवावेत, असा आग्रह मी धरतो. मंच दिसायला सममित राहत नाही अशी तक्रार पहिल्या कार्यक्रमाआधी हमखास येते. साउंड चेकच्या वेळी बेस वाजत असताना तक्रार करणाऱ्यालाच सभागृहात एक फेरी मारायला लावावी.

भिंतीचेही असेच आहे. सबचे तोंड मागच्या भिंतीपासून एक मीटर पुढे असेल, तर भिंतीवरून परतणारी लहर दोन मीटर जास्त प्रवास करून येते आणि ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ लहरीच्या उलट पडते. किकचा आणि बेसचा कणाच त्यात मोडतो. सब भिंतीला शक्य तितका चिकटवला, की ही खोडाखोड क्रॉसओव्हरच्या वर ढकलली जाते आणि उलट भिंतीचा फायदाच मिळतो.

टॉपशी जुळणी हा निवडीचा भागच मानावा. क्रॉसओव्हर ८० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान ठेवला, तर आवाज सबमधून येत आहे हे कानाला कळत नाही. १२० च्या वर गेलात तर सबची जागा ऐकू येऊ लागते. शक्य असल्यास सब आणि टॉप एकाच मालिकेतले घ्यावेत, कारण त्यांचा फेज (दोघांच्या लहरींचा एकमेकींशी मेळ) जुळवण्याचे काम निर्मात्याने केलेले असते. वेगवेगळे असतील, तर क्रॉसओव्हरच्या कंपनसंख्येचा स्थिर स्वर दोघांतून एकदम वाजवावा आणि सबची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे दिशा) उलटसुलट करून पाहावी. ज्या स्थितीत स्वर मोठा होतो ती योग्य. दोन्ही स्थितींत फरकच जाणवला नाही, तर सब आणि टॉप यांच्यातील विलंबाची जुळवाजुळव बाकी आहे असे समजावे. पातळीबाबत सांगायचे, तर नाचाच्या कार्यक्रमात मी सब टॉपच्या मानाने ६ ते १० डेसिबल चढा ठेवतो, आणि तेवढी वाढीव ताकद हाताशी राहील अशाच बेताने तो निवडतो.

सबला काय पाठवायचे हेही आधीच ठरवावे. मिक्सरवर मोकळा ऑक्स (मुख्य आवाजापासून वेगळी अशी सिग्नलची जादा वाट) असेल तर सबला त्यातूनच सिग्नल द्यावा आणि त्यात किक, बेस, फ्लोअर टॉम आणि कीबोर्ड एवढेच घ्यावेत. गायकांचे माइक त्यात गेले, की मंचावरची धडधड आणि हाताळणीचे आवाज खर्जात मिसळून सगळे गढूळ होते, आणि मग मंडळी सबलाच दोष देतात. त्या चॅनलांवर १०० ते १२० हर्ट्झचा हाय-पास लावून ठेवणे हे माझ्या दृष्टीने महागड्या सबपेक्षा अधिक फलदायी आहे.

वजनाकडे दुर्लक्ष करू नये. १८ इंची पॉवर्ड सब चाळीस-पन्नास किलोंचा सहज असतो, आणि रात्री उशिरा कार्यक्रम संपल्यावर तो जिन्यावरून उतरवणारे हात तेच असतात ज्यांनी नुकतीच तीन तास गिटार वाजवलेली असते. दोन १५ इंची सब प्रत्येकी एका माणसाला सरकवता येतात, छोट्या जागेसाठी एकच नेता येतो आणि एक बंद पडला तरी कार्यक्रम चालू राहतो. बहुसंख्य कव्हर बँडना मी हीच जोडी सुचवतो. खाली खरोखर खोल जाणारी यादी असलेल्यांनी मात्र १८ इंचीच घ्यावा आणि चाकांची फळी त्याच दिवशी घ्यावी.

खरेदीआधी तोच सब एका कार्यक्रमापुरता भाड्याने घ्यावा आणि आपल्याच बँडचे ध्वनिमुद्रण त्यावर वाजवून पाहावे. आवाज मोजताना एक लक्षात असू द्यावे: ए-भारित मापन (कानाला खर्ज कमी जाणवतो त्याप्रमाणे तो कमी धरणारे) ५० हर्ट्झवर सुमारे ३० डेसिबल वजा करते, त्यामुळे मीटर शांत दिसत असतानाही शेजारच्या इमारतीच्या खिडक्या थरथरत असू शकतात. सी-भारित (खर्ज जवळजवळ पूर्ण धरणारा) आकडा शेजारी ठेवला की सबने प्रत्यक्षात किती भर घातली आहे ते दिसते.

पुढे कधी संख्या वाढवायची झाली, तर तोच निर्माता आणि तेच मॉडेल घ्यावे. वेगळ्या जातीचे दोन सब एकत्र वाजवले, की त्यांचे फेज प्रत्येक कंपनसंख्येला वेगळे चालतात. काही स्वर वाढतात, काही घटतात, आणि जोडीने मिळणाऱ्या त्या ६ डेसिबलपैकी हाती किती लागतील याचा भरवसा राहत नाही.