बडोद्याच्या काळ्या मातीत देशी झाडं बियांपासून कशी लावावीत

सोसायटीचा कोपरा मोकळा मिळाला की लोक आधी नर्सरीकडे स्कूटर वळवतात. मी म्हणते, मे महिन्यात कापडी पिशवी घेऊन बाहेर पडा आणि झाडांखाली बघा.

आपल्याकडे बागेची कल्पना कमाटीबागेवरून आली. १८७९ मध्ये सयाजीरावांनी ती विश्वामित्रीकाठी उभारली. १८९३ मध्ये क्रुम्बीगेल हा जर्मन माळी बडोद्याच्या बागांसाठी आला, पुढे तो बंगळुरूच्या लालबागेत गेला. त्या काळी देशोदेशीची झाडं जमवणं ही राजेशाही हौस होती. आपल्या कोपऱ्याला ती झेपत नाही. गुलमोहर मादागास्करचा, आणि कोनोकार्पस या परदेशी शोभेच्या झाडावर तर २०२३ मध्ये गुजरात सरकारनंच बंदी घातली.

पळसापासून सुरुवात करा. शेंगा चपट्या, टोकाला एकच बी, मे-जूनमध्ये पडतात. बी ताजी असतानाच लावायची, वर्षभर डब्यात ठेवली तर फुकट. पिशवीत रोप करू नका. पळसाचं सोटमूळ खोल जातं, ते पिशवीत गुंडाळलं की झाड कायमचं खुरटतं. थेट खड्ड्यात, बोटाच्या दोन पेरांइतकं खाली, दोन-तीन बिया टाका. निंबोळीचाही हाच न्याय: गर धुऊन सावलीत वाळवा आणि पंधरवड्यात पेरा.

बहाव्याची बी मात्र दगडासारखी. सॅन्डपेपरवर एका बाजूनं घासून रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी जी फुगेल तीच पेरा. न फुगलेल्या पुन्हा घासा.

खड्डे मेमध्ये खणून तापू द्यायचे. काळी माती पावसात पाणी धरून बसते, म्हणून रोप खोलगट जागी नको, वीतभर उंचवट्यावर हवं. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि कोवळी मुळं तुटतात. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा जाड थर द्या, पण खोडाला टेकवू नका. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी. रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरच राहतात.

खिरणीला आपले गुजराती शेजारी रायण म्हणतात, मेमध्ये हातगाडीवर मिळते. खाऊन बिया ठेवा. वाढ अतिशय हळू, पण इतकी चिवट की चिकूची कलमं तिच्याच खुंटावर बांधतात.

आपटा लावणार असाल तर कुंपणाच्या आतच लावा, नाहीतर दसऱ्याला सोन्यासाठी अख्खं झाड ओरबाडून नेतील.