पहिल्या अल्बमवरून घरात दोन पार्ट्या पडल्या तर आपलं मत कसं बनवायचं

आमच्या घरात लाना डेल रे या अमेरिकन गायिकेच्या बॉर्न टू डाय या अल्बमवरून अजून भांडण होतंय, अल्बम २०१२ चा आहे तरी. मावसबहीण लातूरला होस्टेलवर असते, तिचं म्हणणं असं गाणारी दुसरी कुणी नाहीच, अन् धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, लई रडकं आहे, सगळी गाणी एकच वाटूलालीत." दिवाळीत गच्चीवर दोघं तासभर भांडले, मग मी विचारलं की बाबांनो ऐकलंय किती, तर बहिणीची तीन गाणी पाठ अन् बाकीची तिनं लावलीच नव्हती, भावानं रील्समधले तुकडे ऐकलेले. १२ गाणी आहेत, ४९ मिनिटं, अन् दोघांपैकी कुणीच पूर्ण ऐकलेला नाही. त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितेय, कुठल्याही नव्या गायिकेच्या पहिल्या अल्बमला चालेल.

आधी फोनचं बघा. शफल बंद करा, कारण गाणी कुठल्या क्रमानं लावायची यावर अल्बम करणाऱ्यांनी डोकं लावलेलं असतं, अन् ऑटोप्ले पण बंद करा नाहीतर अल्बम संपल्यावर अ‍ॅप दुसऱ्याच कुणाचं गाणं चिकटवतं अन् तुम्हाला वाटतं हे पण हिचंच. फुकटवाल्या अ‍ॅपात गाणी उलटीसुलटी लागत असतील तर यूट्यूबवर पूर्ण अल्बमची प्लेलिस्ट सापडते, ती लावा. दोन गायिकांची तुलना करायची असंल तर सेटिंगमधलं ऑडिओ नॉर्मलायझेशन चालू ठेवा, म्हणजे सगळी गाणी साधारण सारख्याच मोठ्यानं वाजतात, हे लोकांना माहीतच नसतं, जे गाणं जरा मोठ्यानं वाजतं ते आपल्या कानाला आपोआप चांगलं वाटतं, मग आपण आवाजालाच मार्क देऊन बसतो.

अन् इअरफोन दोन्ही कानात घाला. ही गोष्ट मी जोर देऊन सांगतेय कारण गच्चीवर तेच झालं होतं, बहिणीनं एक बोंडूक स्वतःच्या कानात घातलं अन् एक भावाला दिलं, व्हिडिओ गेम्स नावाचं गाणं लावलं, त्या गाण्यात हार्प नावाचं तारांचं वाद्य आहे, व्हायोलिनं आहेत, आवाज एकदम जड अन् संथ, अन् वाद्यं डावी-उजवीकडं वाटलेली असतात. भावाला अर्धंच गाणं गेलं. नंतर त्यालाच दोन्ही कानात लावून दिलं तर मधेच थांबवून म्हणाला, "हे मागं काय वाजूलालंय?" गाणं त्याला अजून आवडत नाही, पण आता काय आवडत नाही ते तो सांगू शकतो, पहिल्यांदा नुसतं रडकं म्हणत होता.

किती वेळा ऐकायचं? मी तीनदा म्हणते. पहिल्यांदा काहीच वाचू नका, रिव्ह्यू नाही, कमेंट नाही, नुसतं सलग ऐका. अंबाजोगाईहून लातूरला एसटीनं जाताना अख्खा अल्बम आरामात संपतो, खिडकीजवळ जागा मिळाली तर उत्तमच, फक्त इंजिनच्या आवाजात बारीक वाद्यं जातात हे ध्यानात ठेवा. दुसऱ्यांदा घरी रात्री, शब्द समोर ठेवून, इंग्रजी अडलं तर अडलं, जेवढं कळतंय तेवढं कळू द्या. तिसऱ्यांदा आठवड्यानं, कामं करता करता, अन् बघा कुठलं गाणं आलं की हात थांबतो.

ऐकताना फोनच्या नोट्समध्ये लिहीत जा, पण "मस्त" अन् "बोअर" हे दोन शब्द लिहायचे नाहीत. गाण्याचं नाव, मिनिट, अन् काय झालं. "दुसऱ्या कडव्यात आवाज एकदम लहान मुलीसारखा केला, नको वाटलं" असं लिहिलं की पुढच्याला तिथं जाऊन ऐकता येतं, अन् त्याचं मत वेगळं असलं तरी भांडण एकाच जागेवर होतं. आवाज वेगळा, चाल वेगळी, शब्द वेगळे, अन् मागचं संगीत वेगळं धरा. बहिणीला आवाज आवडतो अन् भावाला चाली एकसारख्या वाटतात, म्हणजे दोघं दोन गोष्टींबद्दल बोलत होते अन् दोघंही खरं बोलत होते.

रिव्ह्यू नंतर वाचा, अन् वाचताना एकच बघा की लिहिणारा गाण्याबद्दल बोलतोय का बाईबद्दल. लानाच्या बाबतीत हेच झालं. जानेवारी २०१२ मध्ये, अल्बम यायच्या दोनेक आठवडे आधी, ती अमेरिकेत सॅटर्डे नाइट लाइव्ह या टीव्हीवरच्या कार्यक्रमात गायली, ते गाणं जमलं नाही, अन् लोक तुटून पडले. त्यात तिचं खरं नाव एलिझाबेथ ग्रँट, २०१० मध्ये छोट्या कंपनीकडून एक अल्बम येऊन गेलेला, मोठ्या कंपनीकडून आलेला हा पहिला, मग चर्चा सुरू की ही बनावट आहे, नाव बदललं, रूप बदललं. पिचफोर्क या संगीताचे रिव्ह्यू देणाऱ्या वेबसाइटनं अल्बमला १० पैकी ५.५ दिले होते, अन् २०२१ मध्ये त्यांनी जुने स्कोअर परत तपासले तेव्हा याच अल्बमचे ७.८ केले. गाणी तीच होती, एक सूर बदललेला नव्हता.

बनावट म्हणणाऱ्यांचं मला खरंच पटत नाही. आपल्या पैठणच्या नाथांनी भारुडात काय केलं? कधी जोशी झाले, कधी वासुदेव, कधी सासरला वैतागलेली बाई होऊन बोलले, अन् ते खोटं आहे असं आपल्याकडं कुणी म्हणत नाही, कारण सोंग उघड आहे अन् आतली गोष्ट खरी आहे. पॉपमधल्या गायिकेनं सोंग घेतलं तर विचारायचं ते हे की सोंग गाण्यात शेवटपर्यंत निभावलं का. लानाचं मला बऱ्याच गाण्यांत निभावलेलं वाटतं, दुसऱ्या अर्ध्यात दोन-तीन ठिकाणी तेच तेच येतं, तिथं भावाचं बरोबर आहे.

व्ह्यूजच्या आकड्यांवर जाऊ नका. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक प्ले मोजला जातो, शेवटपर्यंत कोण थांबलं ते त्या आकड्यात दिसत नाही.

मत सांगताना समोर कोण आहे ते पण बघा. होस्टेलवरच्या पोरीला तिच्या परीक्षेच्या रात्री ज्या गाण्यानं आधार दिला त्या गाण्याला तोंडावर "भंगार" म्हणू नका, "मला हे इथं अडलं, तुला कुठं भिडलं ते लावून दाखव" असं म्हणा. मी बहिणीला तसंच म्हणाले, तर तिनं तीन गाणी सोडून चौथं लावलं, जे तिनं स्वतःच त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकलं होतं, अन् भाऊ गप्प बसून ते शेवटपर्यंत ऐकत होता, दोन्ही कानात इअरफोन घालून.

नोट्स पुसू नका, त्यावर तारीख टाका अन् सहा महिन्यांनी परत ऐकताना नवी नोंद जुनीच्या खालीच लिहा. माझ्या पहिल्या नोंदीत "शेवटची दोन गाणी नसती तरी चाललं असतं" असं आहे, अन् त्याखाली मार्चमध्ये लिहिलंय, "शेवटचं राहू द्या."