वन यूआयसाठी गॅलक्सीलाच चिकटून राहायचं तर हे करा

चवथ जवळ आली की घरात नवीन फोनचा विषय निघतोच आणि कोणीतरी म्हणतंच, त्याच पैशात दुसऱ्या कंपनीचं चार्जिंग बघ, प्रोसेसर बघ. खरं आहे ते, बऱ्याचदा सॅमसंगपेक्षा तगडा फोन मिळतो. तरी मी हलत नाही ते फक्त वन यूआयमुळे, म्हणजे अँड्रॉइडवर सॅमसंगने चढवलेल्या स्वतःच्या रूपामुळे, आणि तुम्हालाही त्याच्यासाठीच थांबायचं असेल तर पैसे देण्याआधी बघा की त्या मॉडेलवर गुड लॉक, म्हणजे फोन हवा तसा बदलायचं सॅमसंगचंच अ‍ॅप, चालतं की नाही. म्हापशात किंवा मडगावात सेकंडहँड घेत असाल तर अजूनच, कारण आधीच्या काही स्वस्त मॉडेलवर वन यूआय कोअर ही कापलेली आवृत्ती यायची, त्यात गुड लॉक नाहीच. सेटिंगमध्ये अबाउट फोन, मग सॉफ्टवेअर इन्फर्मेशन, तिथे 'कोअर' दिसलं की फोन परत द्या.

अपडेटचंही विचारा. 2024 च्या एस24 ला 7 वर्षं, 2025 च्या ए56 ला 6 वर्षं असं कंपनीने सांगितलंय, पण ही वर्षं फोन बाजारात आला तेव्हापासूनची, तुम्ही घेतला तेव्हापासूनची नव्हे. सेलमध्ये दोन वर्षं जुनं मॉडेल घेतलं तर दोन वर्षं गेलीच ना.

आता मजा. गुड लॉकमधली सगळी मॉड्यूल, म्हणजे आतली छोटी अ‍ॅप, एकदम टाकू नका, डोकं फिरेल. पहिलं टाका वन हँड ऑपरेशन प्लस. स्क्रीनच्या कडेला एक पट्टी बसते, तिथून बोट सरळ, तिरकं वर किंवा तिरकं खाली ओढायचं आणि प्रत्येकाला वेगळं काम द्यायचं, शिवाय लांब ओढलं तर अजून वेगळं. माझ्याकडे तिरकं खाली म्हणजे नोटिफिकेशन, तिरकं वर म्हणजे आधीचं अ‍ॅप. रायबंदरच्या फेरीवर पावसात एका हातात छत्री असते तेव्हा दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर सगळं होतं, वरपर्यंत ताणायला लागत नाही. फक्त जाड कडांचं कव्हर असेल तर बोट अडकतं, कव्हर बदला नाहीतर पट्टी थोडी रुंद करा.

वन यूआय 7 नंतर नोटिफिकेशन आणि क्विक पॅनेल (वायफाय, टॉर्च वगैरेची बटणं) वेगळं झालं म्हणून कितीतरी जण वैतागले. अरे बाबा, क्विक पॅनेल ओढा, पेन्सिल दाबा, पॅनेल सेटिंगमध्ये 'टुगेदर' करा, झालं पूर्वीसारखं.

मग मोड्स अँड रूटीन्स, हे गुड लॉकमध्ये नाही, साध्या सेटिंगमध्येच आहे आणि लोक उघडूनही बघत नाहीत. 'इफ'मध्ये यूट्यूब उघडलं, 'देन'मध्ये ऑटो रोटेट चालू. बंद केलं की आपोआप परत बंद. ठिकाणही देता येतं, मंगेशीच्या देवळाचं ठिकाण टाकून व्हायब्रेट लावा, आरतीत तुमचा फोन वाजणार नाही.

दिसण्याचं म्हणाल तर थीम विकत घ्यायची गरजच नाही. माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं बांधतात त्या मांडवाचा, एखादा झकास फोटो, नारळ-सुपारी-तोरिंजन सगळं आलेला, वॉलपेपरला लावा आणि कलर पॅलेट चालू करा, फोन स्वतःच त्यातले रंग उचलून मेनूला लावतो.

फोन बदलताना स्मार्ट स्विच, म्हणजे जुन्यातलं सगळं नव्यात न्यायचं सॅमसंगचं अ‍ॅप, केबलने करा, वायफायवर फोटो जास्त असले की जीव जातो. गुड लॉकच्या होम अप मॉड्यूलमध्ये होम स्क्रीनच्या मांडणीचा बॅकअप आहे तो आधी घ्या आणि वन हँडच्या सेटिंगचे सरळ स्क्रीनशॉट काढून ठेवा. बँकेची अ‍ॅप नव्या फोनवर परत रजिस्टर करावी लागतात, म्हणून ती चालू होईपर्यंत जुना फोन रिसेट करू नका.

आणि एक, पासवर्ड आणि महत्त्वाच्या नोट्स सॅमसंगच्याच अ‍ॅपमध्ये कोंडू नका. उद्या त्यांनी वन यूआयची वाट लावली तर निघता आलं पाहिजे.