स्टँडमधला राजकीय फलक कसा वाचावा

26 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्री साडेबारा वाजता, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोतला सेल्टिक विरुद्ध अॅटलेटिको माद्रिद हा चॅम्पियन्स लीगचा सामना पाहण्यासाठी आम्ही सहा जण पुण्यातल्या एका दिवाणखान्यात जमलो होतो. चौथ्याच मिनिटाला क्योगो फुरुहाशीने गोल केला, पण तोवर आमच्यात वाद पेटलेला असल्यामुळे तो निम्म्या लोकांनी धड पाहिलासुद्धा नाही. क्लबने आदल्या दिवसांत ध्वज आणू नका अशी विनंती करूनही सेल्टिक पार्कच्या स्टँडमध्ये हजारो पॅलेस्टिनी ध्वज फडकत होते, आणि हे धैर्य की आडमुठेपणा यावर आमचे एकमत होणे अशक्य होते. सामना 2–2 असा बरोबरीत सुटला. सकाळी उठून पाहतो तर दोघे जण व्हॉट्सअॅप ग्रुप सोडून गेलेले.

अल्ट्राज म्हणवणाऱ्या कट्टर समर्थक गटांच्या राजकीय निषेधावरून चाहत्यांमध्ये अशी फूट पडते, तेव्हा भांडणारे बहुधा एकाच प्रश्नावर भांडत नसतात, असे माझे मत त्या रात्रीपासून झाले आहे. म्हणून बाजू घेण्याआधी काय तपासावे याचा जो क्रम मी स्वतः पाळतो, तो येथे मांडतो. उदाहरण मुख्यतः सेल्टिकचे घेतले आहे, कारण हा वाद तिथे जितका जुना आणि गुंतागुंतीचा आहे तितका फार थोड्या क्लबांत असेल.

सर्वप्रथम फलकावरचा मजकूर मूळ शब्दांत, पूर्ण आणि तारखेसह वाचावा. 'सेल्टिकच्या चाहत्यांनी पॅलेस्टाईनला पाठिंबा दिला' हे वाक्य ऑक्टोबर 2023 मधल्या दोन अगदी वेगळ्या घटनांना लागू पडते. हमासने इस्रायलवर हल्ला केला त्याच दिवशी, 7 ऑक्टोबरला, किल्मार्नॉकविरुद्धच्या सामन्यात ग्रीन ब्रिगेड या अल्ट्रा गटाने 'मुक्त पॅलेस्टाईन' या शब्दांसोबत 'प्रतिकाराचा विजय असो' अशा आशयाचा फलक धरला, आणि क्लबने त्यापासून जाहीरपणे हात झटकले. अडीच आठवड्यांनंतर अॅटलेटिकोविरुद्ध फडकले ते प्रामुख्याने ध्वज होते. नागरिकांची हत्या झाली त्याच दिवशी 'विजय असो' म्हणणे आणि गाझावर बाँब पडत असताना ध्वज हलवणे या दोन कृतींना एकाच तराजूत घालणारा माणूस, मग तो कोणत्याही बाजूचा असो, वाचण्याचे कष्ट टाळत असतो.

मजकूर वाचताना तो कोणत्या प्रसंगाला उत्तर देत आहे हेही पाहावे लागते. नोव्हेंबर 2010 मध्ये सेल्टिकने अॅबरडीनचा 9–0 असा धुव्वा उडवला, त्या दिवशी याच गटाने आमच्या जर्सीवर रक्ताने माखलेली पॉपी नको असा फलक लावून आयर्लंड, इराक आणि अफगाणिस्तान ही तीन नावे त्यावर लिहिली होती. ब्रिटनमध्ये दर नोव्हेंबरात युद्धांत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ छातीवर कागदी लाल पॉपी लावतात. बहुतेकांना त्यात राजकारण दिसतच नाही, ते त्यांना आजोबांचे स्मरण वाटते. परंतु ज्यांची मुळे आयर्लंडमध्ये आहेत त्यांच्यापैकी अनेकांना ब्रिटिश सैन्य म्हटले की 1972 साली उत्तर आयर्लंडमधल्या डेरीत त्याने निदर्शकांवर केलेला गोळीबार आठवतो. क्लबने त्या फलकाबद्दल माफी मागितली. सेल्टिकच्याच कित्येक समर्थकांच्या घरातले लोक ब्रिटिश सैन्यात होते आणि त्यांना हा फलक आपल्यावर उगारल्यासारखा वाटला, ही गोष्ट दूरवरून चित्र पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

त्यानंतर फलक कोणी धरला आहे, हे मोजून पाहावे. ग्रीन ब्रिगेडची स्थापना 2006 मध्ये झाली. हा गट मैदानाच्या एका कोपऱ्यात, उभे राहून सामना पाहण्याच्या विभागात असतो आणि त्याचे सदस्य काही शेकड्यांत मोजता येतात, तर सेल्टिक पार्कची क्षमता सुमारे 60,000 आहे. ढोल, गाणी, स्टँडभर पसरणारे टिफो म्हणजे अवाढव्य चित्रफलक, हे सगळे त्या कोपऱ्यातून उठते, त्यामुळे कॅमेराही तिथेच वळतो आणि आवाजाच्या मानाने माणसे किती हा हिशोब राहून जातो. मात्र उलटी चूकही करू नये. अॅटलेटिकोच्या रात्री ध्वज त्या कोपऱ्यापुरते राहिले नव्हते, ते बऱ्याच स्टँडमध्ये दिसत होते. तेव्हा 'मूठभर उपद्रवी' हे वर्णन त्या रात्रीला लागू होत नाही.

क्लबचा इतिहास तपासणे ही पुढची पायरी असली तरी त्यात फार रमू नये असे मी सुचवीन. सेल्टिकची स्थापना 1887 मध्ये ब्रदर वॉल्फ्रिड या आयरिश धर्मबंधूंनी केली, ती ग्लासगोच्या पूर्व भागातल्या गरिबांच्या, प्रामुख्याने आयरिश स्थलांतरितांच्या, पोटाला अन्न मिळावे म्हणून. 1952 मध्ये स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनने मैदानावरचा आयरिश ध्वज उतरवायला सांगितले, तेव्हा अध्यक्ष रॉबर्ट केली यांनी नकार दिला, आणि गंमत अशी की मतदानात त्यांच्या पाठीशी उभा राहिला तो ग्लासगोतलाच हाडवैरी क्लब रेंजर्स. 'फुटबॉलमध्ये राजकारण नको' हे वाक्य अशा क्लबमध्ये उच्चारायला अवघड जाते, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही इतिहास हा सगळ्यांच्या सामाईक मालकीचा असतो. वॉल्फ्रिडने गरिबांना जेवू घातले म्हणून आजच्या प्रत्येक फलकाला त्यांची संमती आहे असा अर्थ निघत नाही.

आता नियम आणि दंड. येथे चाहत्यांची सर्वांत जास्त गल्लत होते, म्हणून सावकाश जावे. युरोपीय फुटबॉलची नियामक संस्था असलेल्या युएफाच्या शिस्तविषयक नियमांतल्या कलम 16 नुसार, खेळाच्या प्रसंगाला न शोभणारा चिथावणीखोर संदेश, विशेषतः राजकीय, वैचारिक, धार्मिक किंवा अपमानकारक स्वरूपाचा, पोहोचवला गेला तर क्लब जबाबदार धरला जातो. क्लबने प्रयत्न केले होते, विनंती केली होती, याने सुटका होत नाही. समर्थकाने केले की क्लबने भरावे, असा तो सरळ हिशोब आहे. सेल्टिकला 2013 मध्ये मिलानविरुद्धच्या सामन्यात तुरुंगात उपोषण करून मेलेला आयरिश बंडखोर बॉबी सँड्स आणि मध्ययुगीन स्कॉटिश स्वातंत्र्ययोद्धा विल्यम वॉलेस यांची चित्रे शेजारी शेजारी लावल्याबद्दल 50,000 युरो, 2016 मध्ये हापोएल बीर शेवा या इस्रायली संघाविरुद्ध पॅलेस्टिनी ध्वज फडकवल्याबद्दल सुमारे 10,000 युरो, 2022 मध्ये ब्रिटिश राजसत्तेला शिवी देणाऱ्या फलकाबद्दल 15,000 युरो आणि अॅटलेटिकोच्या रात्रीबद्दल 17,500 युरो दंड झाला.

या आकड्यांशेजारी आणखी दोन घटना ठेवून पाहाव्यात. 6 नोव्हेंबर 2024 रोजी पॅरिसमध्ये, योगायोगाने पुन्हा अॅटलेटिकोविरुद्धच, पॅरिस सेंट जर्मेनच्या अल्ट्राजनी 'मुक्त पॅलेस्टाईन' असा अवाढव्य टिफो उलगडला आणि खाली मैदानात युद्ध असो पण जगात शांतता नांदो अशी ओळ लिहिली. फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी संताप व्यक्त केला. युएफाने मात्र हा संदेश चिथावणीखोर किंवा अपमानकारक म्हणता येत नाही असे सांगून कारवाई केली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये इटलीतल्या उदिने येथील युएफा सुपर कपच्या सामन्याआधी तर खुद्द युएफानेच 'मुलांना मारणे थांबवा, नागरिकांना मारणे थांबवा' असा फलक मैदानावर मांडला. नियमातला 'चिथावणीखोर' हा शब्द इतका सैल आहे की त्याचे माप दर वेळी नव्याने घेतले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. पण नियम विसंगतपणे लावला जातो हे सिद्ध झाल्याने अमुक फलक योग्य होता हे सिद्ध होत नाही. वादात ही दोन विधाने एकमेकांच्या खांद्यावर चढू देऊ नयेत.

यानंतरचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच कोणी विचारत नाही: या कृतीची किंमत कोणी मोजली? 2016 च्या दंडाला ग्रीन ब्रिगेडने दिलेले उत्तर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांनी दंडाइतकीच रक्कम पॅलेस्टाईनसाठी उभी करण्याचे आवाहन केले आणि बघता बघता 1,70,000 पौंडांहून अधिक निधी जमला. तो एका वैद्यकीय मदत संस्थेला आणि बेथलेहेमजवळच्या ऐदा निर्वासित छावणीतल्या लाजी केंद्राला देण्यात आला. त्या छावणीत आता सेल्टिकचेच नाव घेतलेला फुटबॉल संघ आहे. फलकाच्या विरोधात असलेले कित्येक जण या निधीबद्दल मात्र गप्प राहिले, काहींनी पैसेही दिले असतील.

दुसरी किंमत इतक्या सहज भरून निघाली नाही. लिएल अबादा हा इस्रायली विंगर 2021 पासून सेल्टिककडे होता. ऑक्टोबर 2023 नंतर मायदेशातून त्याच्यावर टीका आणि दबाव येत होता, आणि स्वतःच्याच मैदानावर त्याला त्या फलकांसमोर उतरायचे होते. प्रशिक्षक ब्रेंडन रॉजर्स यांनीही त्याच्यासाठी हा काळ कठीण असल्याचे सांगितले. मार्च 2024 मध्ये तो अमेरिकेतल्या शार्लट संघाकडे निघून गेला. त्याच्या आधी जवळजवळ नऊ वर्षे सेल्टिककडून खेळलेला निर बिटन यानेही ग्रीन ब्रिगेडवर उघड टीका केली होती. स्टँडमधला चाहता आपण सरकारविरुद्ध बोलतो आहोत असे मानतो, पण ज्याच्या कानावर ते पडते तो पलीकडच्या टोकाला वॉर्मअप करणारा बावीस वर्षांचा मुलगा असतो. यावरून ध्वज नकोच असे मी म्हणणार नाही. मात्र ही किंमत हिशोबात न धरता दिलेला पाठिंबा मला अपुरा वाटतो.

किंमत मोजण्यातच बंदीचा विचार येतो. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस क्लबने ग्रीन ब्रिगेडच्या सदस्यांची सीझन तिकिटे स्थगित केली, तेव्हा जगभर 'पॅलेस्टाईनमुळे बंदी' असे मथळे झळकले. क्लबने दिलेल्या कारणांत मात्र फटाके पेटवणे, प्रवेशद्वारावरची धक्काबुक्की आणि सुरक्षेच्या सूचना धुडकावणे यांचा समावेश होता. ती कारणे खरी की सोयीची, यावर मतभेद राहणारच. पण आधी दोन्ही बाजूंचे निवेदन वाचावे, मग मथळा. डिसेंबरमध्ये स्थगिती उठली. मधल्या काळात तो कोपरा रिकामा असताना मैदान किती थंड पडते, याची कबुली ध्वजांवर नाराज असलेल्यांनीही दिली.

एवढे झाल्यावर आपले मत चार वेगळ्या वाक्यांत कागदावर लिहावे: संदेशाबद्दल, तो मैदानात मांडण्याबद्दल, त्यावरच्या दंडाबद्दल आणि गटावरच्या कारवाईबद्दल. आमच्या ग्रुपमध्ये हा प्रयोग केला तेव्हा सहा माणसांच्या पाच तऱ्हा निघाल्या. पॅलेस्टाईनच्या बाजूने तावातावाने बोलणाऱ्या एकाला मैदानात कोणताच ध्वज नको होता. ध्वजांवर सर्वांत जास्त चिडलेला मित्र बंदीच्या ठाम विरोधात निघाला, कारण त्याच्या मते तिकीट काढलेल्या माणसाला कंपनीने तोंड बंद ठेवायला सांगू नये. स्कॉटलंडमध्येही असेच घडले होते: फुटबॉलमधल्या 'आक्षेपार्ह वर्तना'साठी 2012 मध्ये केलेल्या खास कायद्याला एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या समर्थक गटांनी विरोध केला, आणि 2018 मध्ये तो रद्द झाला.

मग आपल्याच मताची उलटतपासणी करावी. एप्रिल 2019 मध्ये रोमच्या लाझिओ क्लबच्या अल्ट्राजनी मिलानमध्ये भर रस्त्यावर मुसोलिनीचा गौरव करणारा फलक धरला होता. 'स्टँड चाहत्यांचा आहे, तिथे त्यांना हवे ते बोलू द्या' हे तत्त्व आपण मांडत असू, तर त्या फलकापुढेही ते टिकते का, हे पाहावे. टिकत नसेल तर आपले तत्त्व दुसरेच काही आहे आणि ते शोधायला हवे.

हा क्रम आपल्याकडच्या घटनेवर वापरून पाहायचा असेल तर कोलकाता जवळ आहे. जानेवारी 2020 मध्ये, नागरिकत्व कायद्यावरून देश ढवळून निघालेला असताना, मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात ईस्ट बंगालच्या समर्थकांनी ही माती रक्त देऊन मिळवली आहे, कागद दाखवून नव्हे, अशा अर्थाचा बंगाली फलक लावला. मजकुरात पक्षाचे नाव नाही, कायद्याचेही नाही. पण फाळणीत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी ज्या क्लबला आपले घर मानले त्याच्या स्टँडमध्ये 'कागद' हा एकच शब्द पुरेसा होता. सेल्टिकसाठी विचारलेले सगळे प्रश्न येथे विचारता येतात. 18 ऑगस्ट 2024 ची घटना मात्र वेगळी आहे: आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर ड्युरँड चषकातला कोलकाता डर्बी रद्द झाला, तेव्हा ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहम्मेडनचे समर्थक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र न्याय मागत उभे राहिले आणि एकमेकांच्या रंगांतली माणसे खांद्यावर घेतली गेली. राजकीय निषेध म्हटला की चाहते फुटतातच असे नाही, हे त्या दिवशी दिसले.

आमच्या ग्रुपमध्ये त्यानंतर एक नियम झाला आहे. फलकाचे छायाचित्र टाकणाऱ्याने त्याखाली पूर्ण मजकूर, त्याचा मराठी अर्थ, तारीख आणि सामना लिहायचा. तोवर कोणी प्रतिक्रिया द्यायची नाही. सोडून गेलेले दोघे काही महिन्यांनी परतले. पॅरिसच्या टिफोचे छायाचित्र 7 नोव्हेंबर 2024 च्या पहाटे त्यांच्यापैकीच एकाने टाकले, आणि त्याखाली फ्रेंच ओळीचा अर्थ लिहायला त्याला वीस मिनिटे लागली, तेवढा वेळ बाकीचे पाच जण जागे राहून वाट पाहत होते.